रेघोटीपासून नक्षीकडे : हस्तव्यवसायाच्या तासाविषयी काही विचार

इयत्ता तिसरी-चौथीतील कोणत्याही मुलाची वही पुढून न उघडता मागून उघडावी. शेवटच्या पानावर, समासात, क्वचित पाढ्यांच्या दोन ओळींमधील मोकळ्या जागेतही रेघोट्या दिसतात. एकात एक बसविलेले त्रिकोण, शंखासारखे वळसे, चौकटीच्या जाळ्या, एका ठिपक्याभोवती वाढत गेलेल्या पाकळ्या असा तो पसारा असतो. वही तपासताना अशा पानावर बहुधा तांबडी फुली पडते आणि खाली ‘काम अस्वच्छ’ असा शेरा येतो. शेरा नियमाला धरून असेल. परंतु त्या पानावर त्या मुलाने कोणीही न सांगता, कोणतेही गुण मिळावयाचे नसताना, स्वतःच्या हाताने काही रचले आहे ही गोष्ट शेऱ्याखाली झाकली जाते. ही रेघोटी दोष न मानता तिला हस्तव्यवसायाचा कच्चा माल मानावे, आणि तिच्यापासून नक्षी व नक्षीपासून कागदकाम, शिवण, विणकाम येथपर्यंत मुलाला कसे नेता येईल याचा विचार करावा, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. उदाहरणे शक्यतो अंबरनाथ तालुक्यातील व शेजारच्या परिसरातील घेतली आहेत, कारण शिक्षकबंधुभगिनींना ती डोळ्यांसमोर आणता येतील.

प्रथम रेघोट्यांविषयीचा एक समज दूर करावयास हवा. रेघोट्या ओढणारे मूल लक्ष देत नाही असे आपण गृहीत धरतो. जॅकी अँड्रेड या इंग्लंडमधील मानसशास्त्रज्ञ विदुषींनी 2009 साली प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात 40 व्यक्तींना दूरध्वनीवरचा एक कंटाळवाणा संदेश ऐकविला. त्यांपैकी निम्म्यांना ऐकता ऐकता कागदावरील आकृत्या रेघांनी भरावयास सांगितले होते, उरलेल्यांना नाही. आकृत्या भरणाऱ्यांना संदेशातील गोष्टी इतरांपेक्षा सरासरीने 29 टक्के अधिक आठवल्या. हा एक लहानसा प्रयोग आहे, तो प्रौढांवर झालेला आहे, आणि त्यावरून वर्गात सर्व वेळ चितारण्याची मोकळीक द्यावी असा अर्थ काढणे योग्य होणार नाही. तथापि हात चालला म्हणजे कान बंद झाले, हे विधान सरसकट खरे नाही, इतके त्यावरून निश्चित म्हणता येते.

रेघोटीची पुढे कला होते याचे थोर उदाहरण आपल्याच देशातील आहे. रवींद्रनाथ ठाकूर कविता लिहिताना खोडलेले शब्द नुसते खोडून ठेवीत नसत. त्या खोडाखोडी एकमेकींस जोडून त्यांतून पक्षी, मुखवटे, वेली घडवीत. 1924च्या सुमारास ‘पूरबी’ या संग्रहाच्या हस्तलिखितात ही सवय विशेष बहरली आणि 1930 साली, वयाची सत्तरी जवळ आली असता, त्यांच्या चित्रांचे पहिले प्रदर्शन पॅरिस येथे भरले. समासातील रेघोटीवर तांबडी फुली मारताना हे उदाहरण मनात असावे.

आता आपल्या शाळांच्या प्रत्यक्ष परिस्थितीकडे वळू. आपल्याकडील बऱ्याच शाळा द्विशिक्षकी आहेत. एक शिक्षक दोन किंवा तीन इयत्ता एकाच खोलीत सांभाळतो. पहिलीला अक्षरओळख चालू असताना तिसरी व चौथी काय करीत असतात हा प्रश्न प्रत्येक शिक्षकाला रोज पडतो, आणि त्याचे नेहमीचे उत्तर ‘पाढे लिहा’ किंवा ‘धडा उतरवून काढा’ असे असते. यांत्रिक लेखनापेक्षा नक्षीचे बैठे काम या वेळी अधिक उपयोगी पडते. ते शांतपणे होते, त्याला शिक्षकाची सतत हजेरी लागत नाही, आणि मूल आपले काम कोठवर आले हे स्वतःच पाहू शकते.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची आहे. आपल्या भागातील कातकरी कुटुंबे दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर कामास जातात आणि पावसाळ्याच्या तोंडाशी परततात. त्यांची मुले जूनमध्ये वर्गात येऊन बसतात तेव्हा वाचन व गणित या दोन्ही बाबतींत ती मागे पडलेली असतात, आणि ही गोष्ट पहिल्याच दिवशी सर्व वर्गासमोर उघड होते. अशा मुलाला शाळेत टिकून राहावयास काहीतरी आधार लागतो. हाताचे काम हा आधार होऊ शकतो, कारण वीट रचणाऱ्या, काटक्या बांधणाऱ्या, जाळे विणताना पाहिलेल्या मुलाचा हात इतर मुलांच्या हातापेक्षा मागे नसतो. पुष्कळदा पुढेच असतो. हस्तव्यवसायाचा तास वेळापत्रकात केवळ नावापुरता ठेवून त्या वेळी गणिताची उजळणी घेतली जाते, तेव्हा सर्वांत अधिक नुकसान या मुलाचे होते.

रेघोटी व नक्षी यांत भेद काय, हे शिक्षकाला स्वतःला स्पष्ट असले पाहिजे. रेघोटी कोठेही सुरू होते व कोठेही संपते. नक्षीला एक घटक असतो, तो काही एका नियमाने पुन्हा पुन्हा येतो, आणि ती ठरावीक जागा भरते. म्हणून पहिल्या दिवशी शिक्षकाने फळ्यावर नमुना काढून ‘हा उतरवा’ असे मुळीच सांगू नये. प्रत्येक मुलाने आपल्याच वहीच्या मागच्या पानावरून आपल्याला आवडलेला एक तुकडा निवडावा, त्याभोवती चौकट आखावी, आणि पुढील काम त्या तुकड्यावर करावे. घटक मुलाचा स्वतःचा असल्यामुळे शेजारच्याचे पाहून काढण्याचा प्रश्नच उरत नाही, आणि ‘मला चित्र येत नाही’ ही नेहमीची सबबही लंगडी पडते.

पुढील पायरी म्हणजे तो घटक एका पट्टीत ओळीने मांडणे. तो जसाच्या तसा पुढे सरकवता येतो. आरशात पाहावे तसा उलटवता येतो. अर्धा फेरा फिरवून उलट्या डोक्याचा करता येतो. आणि पुढे सरकवून मग उलटवताही येतो. शेवटचा प्रकार मुलांना शब्दांनी समजत नाही. त्यासाठी पावसाळ्यात ओल्या मातीवरून एका मुलास अनवाणी चालावयास लावावे. डावे पाऊल, उजवे पाऊल, पुन्हा डावे असे जे ठसे उमटतात तेच या प्रकाराचे उत्तम उदाहरण होय. या चार क्रिया परस्परांत मिसळून पट्टीची नक्षी किती तऱ्हांनी रचता येते याचा गणितज्ञांनी शोध घेतला आहे. घटक कोणताही असो, पट्टीच्या रचनेचे प्रकार सातच होतात. चादरीप्रमाणे चहूकडे पसरणाऱ्या नक्षीचे प्रकार 17 होतात, आणि हे 1891 साली फेदोरोव या रशियन स्फटिकशास्त्रज्ञाने सिद्ध करून दाखविले. मुलांना ही सिद्धता सांगावयाची नाही. परंतु चौथीच्या मुलांना ‘पट्टीच्या सातही तऱ्हा शोधा’ असे सांगितले तर त्यांना तो शोध दोन आठवडे पुरतो, आणि सममिती हा शब्द पाठ्यपुस्तकात येण्यापूर्वीच ती वस्तू त्यांच्या हातून गेलेली असते.

या अभ्यासासाठी आपल्या भागात जे साधन आहे तसे फार थोड्या तालुक्यांना लाभले आहे. वालधुनी नदीच्या काठचे अंबरनाथचे शिवमंदिर शिलाहारांच्या काळातील आहे. तेथील शिलालेखात शके 982, म्हणजे इ.स. 1060, असा काल असून तो शिलाहार राजा मुम्मुणी याच्या कारकिर्दीतील आहे. मंदिराची शैली भूमिज म्हणून ओळखली जाते. या शैलीचे वैशिष्ट्यच आपल्या विषयाला धरून आहे. एकच लहान शिखराकृती घटक ओळीने मांडून, वर जाताना तो आकाराने कमी करीत नेऊन सबंध शिखर उभे केलेले असते. अंबरनाथच्या शिखराचा वरचा भाग आज उरलेला नाही, तरी खालच्या थरांत ही मांडणी दिसते. बाहेरच्या भिंतींवर मूर्तींच्या मध्ये मध्ये वेलबुट्टीचे पट्टे धावतात. आत सभामंडपाचे खांब नक्षीने भरलेले आहेत आणि वर छताच्या घुमटात एकात एक वर्तुळे लहान होत मध्याकडे जातात. शाळेच्या सहली या मंदिरास जातात. परंतु मुले दर्शन घेतात, नदीकाठी डबा खातात आणि परत येतात.

यापेक्षा निराळी सहल कशी असते, याचा धडा दीडशे वर्षांपूर्वीचा आहे. 1868च्या सुमारास सरकारी आदेशावरून मुंबईच्या सर जमशेटजी जीजीभाई कलाशाळेचे विद्यार्थी या मंदिरापाशी आले, त्यांनी येथील कोरीवकामाची मापे घेऊन रेखाटने केली व साचेही काढले. ती कलाशाळा 1857 साली सुरू झालेली, म्हणजे त्या वेळी ती स्वतःच बाल्यावस्थेत होती. एतद्देशीय विद्यार्थ्यांनी एतद्देशीय शिल्पाकडे कित्ता म्हणून पाहण्याचा तो आरंभीचा प्रसंग होय. आपल्या चौथीच्या मुलांनी मापे घ्यावयाची नाहीत. मंदिर केंद्र शासनाच्या पुरातत्त्व विभागाच्या संरक्षणाखाली आहे. दगडास खडू, रंग अथवा कागद लावून ठसा घेणे सर्वथा वर्ज्य समजावे. मुलांनी चार हात दूर बसून, प्रत्येकाने केवळ एक पट्टा निवडून, त्यातील घटक कोणता व तो कोणत्या तऱ्हेने पुढे गेला आहे एवढेच वहीत टिपावे. मूर्ती काढण्याचा हट्ट धरू देऊ नये. त्यात मुले निराश होतात. पट्ट्यातला एक वेल पुरे. ज्या शाळांना सहल परवडत नाही त्यांनी गावातील जुन्या घराची चौकट, देव्हारा किंवा तुळशीवृंदावन याकडे त्याच दृष्टीने पाहावे.

मंदिराच्या पट्ट्यांइतकीच समृद्ध नक्षी रेल्वेने एकच स्थानक मागे गेल्यास दिसते, पण ती दगडात नाही. उल्हासनगर हे आज महानगरपालिकेचे शहर असले तरी त्याचा जन्म फाळणीतून झाला आहे. महायुद्धातील लष्करी छावणीच्या बराकींमध्ये सिंधमधून आलेली निर्वासित कुटुंबे राहिली आणि 1949 साली या वस्तीस उल्हासनगर हे नाव मिळाले. कॅम्प क्रमांक एक ते पाच ही नावे लोकांच्या तोंडी अद्याप आहेत. सिंधमधील स्त्रियांची रल्ली, म्हणजे कापडाचे तुकडे जोडून केलेली गोधडी, आणि आपल्याकडील शिवणवर्गांत ‘सिंधी टाका’ या नावाने शिकविली जाणारी वीण, ही दोन्ही नक्षीशास्त्राची पाठ्यपुस्तकेच म्हणता येतील. रल्लीत चौकोन व त्रिकोण यांखेरीज फारसे काही नसते, पण रंगांची अदलाबदल करून त्याच तुकड्यांतून कधी चांदणी, कधी पायऱ्या, कधी वाऱ्यावरचे चक्र निघते. सिंधी टाक्यात आधी कापडावर धाग्यांचा उभा-आडवा सांगाडा घालतात आणि नंतर दुसरा धागा कापडात न खुपसता त्या सांगाड्यातूनच वर-खाली ओवीत नेतात. एकीकडे ती शिवण आहे, दुसरीकडे ते विणकाम आहे. आपल्या आजीची वाकळ व सिंधी घरातील रल्ली शेजारी शेजारी ठेवून पाहिल्या तर दोन्हीकडे जुने कापड वाया जाऊ न देण्याची एकच बुद्धी दिसते. उल्हासनगरातील शिवणकामाच्या कारखान्यांतून निघणाऱ्या चिंध्या स्वस्तात मिळतात. हस्तव्यवसायास त्यांचा चांगला उपयोग होतो. मात्र जीनचे जाड कापड लहान मुलांच्या सुईस दाद देत नाही, ते पाचवीच्या पुढे द्यावे.

बदलापूर व वांगणीकडील खेड्यांत घरासमोरील अंगण हाच फळा आहे. ठिपक्यांची रांगोळी प्रत्येक मुलीला, आणि कबूल न करणाऱ्या कित्येक मुलांनाही, येत असते. तिच्यातील गणित मात्र आपण वर्गात आणीत नाही. मधली ओळ सात ठिपक्यांची व दोन्हीकडे एकेक कमी होत चारांपर्यंत जाणारी रांगोळी घ्या. एकूण ठिपके किती? मुले 4, 5, 6, 7, 6, 5, 4 अशी बेरीज करून 37 सांगतात. आता हेच ठिपके मधल्या एका ठिपक्यापासून कड्याकड्यांनी मोजण्यास सांगावे. मध्ये 1, त्याभोवती 6, त्याभोवती 12, त्याभोवती 18. बेरीज पुन्हा 37. प्रत्येक कड्यात सहाच वाढतात हे एखाद्या मुलीच्या लक्षात आले म्हणजे पुढचे कडे किती ठिपक्यांचे हे ती न काढताच सांगते. त्याचप्रमाणे 1, 3, 5, 7, 5, 3, 1 अशी शंकरपाळ्याच्या आकाराची रांगोळी 25 ठिपक्यांची होते, आणि तिचे दोन भाग पाडले तर 16 व 9, म्हणजे चारांचा वर्ग व तिनांचा वर्ग, हाती येतात. सहाचा हाच खेळ कोंबड्या झाकावयाच्या डालग्यातही आढळतो. तीन दिशांनी जाणाऱ्या कामट्या एकमेकींत अडकून मध्ये सहा कोनांची भोके राहतात. डालगे विणणाऱ्यास षट्कोन हा शब्द ठाऊक नसतो. त्याला कामटी कोठे वाकवावी हे ठाऊक असते. अशा कारागिरास एखाद्या दुपारी शाळेत बोलवावे, आणि त्याचा श्रम फुकट न घेता त्याच्याकडून शाळेसाठी एक वस्तू विकत घ्यावी.

नक्षी कागदावर राहिली तर तिचे शिक्षण अर्धेच होते. खरे शिक्षण ती साधनात उतरवताना होते, कारण साधन मुलाची चूक शिक्षकापेक्षा अधिक नेमकेपणाने दाखवून देते, आणि तेही न रागावता. याची काही उदाहरणे देतो. दुसुती कापडावर फुली टाक्याने काम करावयाचे तर आपली वहीतली वळणदार वेल आधी चौकटीच्या कागदावर उतरवावी लागते. तेथे वळण राहत नाही, पायऱ्या होतात. मूल प्रथम हिरमुसते. मग किती बारीक चौकटी घेतल्या असता वळण वळणासारखे दिसेल याचा हिशेब आपणच करू लागते. कागद कापून जाळी करताना नक्षीचा प्रत्येक भाग कोठेतरी शेजारच्या भागाला चिकटलेला राहिला पाहिजे, नाहीतर ती नक्षी कात्रीबरोबर खाली पडते. दोन जाळ्या अशा पडल्या की तिसऱ्या वेळी मूल कापण्यापूर्वी दुवे राखते. बटाट्याच्या ठशावर कोरलेले स्वतःच्या नावाचे आद्याक्षर कागदावर उलटे उमटते, त्या वेळी वर्गात जो हशा पिकतो तो आरसा-सममितीचा उत्कृष्ट पाठ असतो.

सर्वांत बोधप्रद काम कागदी पट्ट्यांच्या चटईचे आहे. एका रंगाच्या पट्ट्या उभ्या लावून दुसऱ्या रंगाच्या आडव्या विणावयाच्या. चौकटीच्या कागदावर भरलेली चौकट म्हणजे आडवी पट्टी वर, रिकामी चौकट म्हणजे खाली, असा संकेत ठरवावा. एक वर एक खाली ही साधी वीण. दोन वर दोन खाली घेऊन प्रत्येक ओळीत एका घराने सरकत गेले म्हणजे तिरप्या रेघा पडणारी वीण तयार होते, जी आपण सुपात व जाड कापडात पाहतो. आता मुलाने आपल्या रेघोटीतून एक मोठे काळे फूल चौकटींत भरून आणले तर विणताना पट्टी सात-आठ घरे वरच राहते आणि लोंबू लागते. फूल कागदावर शोभते, चटईत सैल पडते. मग फुलाच्या पोटात मध्ये मध्ये बांधणीची घरे सोडावी लागतात. जुन्या पैठणीवरील मोर असे कोनदार का, या प्रश्नाचे उत्तर त्या मुलाला येथे आपोआप मिळते.

साहित्याच्या खर्चाविषयी तक्रार नेहमी येते. ती सर्वस्वी खोटी नाही, पण बरेचसे साहित्य गावातच आहे. गेरू, चुन्याची निवळी, तांदळाचे पीठ, बाभळीचा डिंक, वेळूच्या काडीचे एक टोक ठेचून केलेला कुंचला, भेंडीच्या चकतीचा ठसा, रद्दी, वर्तमानपत्राच्या पट्ट्या आणि काड्यापेट्या ही सामग्री पुरेशी आहे. अंबरनाथ येथे काड्यापेट्यांचा मोठा कारखाना दीर्घकाळ चालला होता, त्यामुळे या भागातील जुन्या घरांत छाप्यांचे संग्रह निघतात. लहानशा चौकोनात नक्षी कशी बसवावी हे पाहण्यास ते फार चांगले. अल्प साधनांतून शिक्षण उभे करण्याचा वस्तुपाठ आपल्याच जुन्या ठाणे जिल्ह्यात घालून दिलेला आहे. ताराबाई मोडक यांनी 1945 साली बोर्डी येथे ग्रामबालशिक्षा केंद्र सुरू केले, 1957 साली ते कोसबाडच्या टेकडीवर गेले, आणि अनुताई वाघ यांच्या साहाय्याने त्यांनी महागड्या परदेशी साधनांच्या ठिकाणी शंख-शिंपले, बिया, माती, पाने यांची साधने वापरली. बोर्डी व कोसबाड हा भाग 2014 सालापासून पालघर जिल्ह्यात मोडतो, परंतु ती परंपरा आपलीही आहे.

त्याच डहाणू-तलासरी भागातील वारली चित्रांविषयी मात्र येथे थोडे स्पष्ट लिहिणे भाग आहे. लग्नाच्या वेळी गेरूने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने सवाशिणी जो चौक लिहितात त्याच्या मध्ये पालघाट देवी असते आणि भोवती नक्षीच्या पट्ट्यांची चौकट. ते एक धार्मिक कृत्य आहे. 1970नंतरच्या दशकात ही कला कागदावर आली, जिव्या सोमा मशे यांच्या हातून ती जगभर गेली, आणि 2011 साली त्यांना पद्मश्री मिळाली. आज वारली आकृती पिशवीवर, कपावर, उपाहारगृहाच्या भिंतीवर सर्वत्र आहे. आपल्या शाळाही त्यातून सुटलेल्या नाहीत. आवारभिंतीवर ठेकेदाराच्या रंगाऱ्याकडून तेलरंगात ‘वारली’ रंगवून घेतली जाते, उद्घाटन होते, आणि त्याच शाळेत वहीच्या समासात रेघोटी काढणाऱ्या आदिवासी मुलीला तांबडी फुली मिळते. ही विसंगती शिक्षकाला टाळता येण्यासारखी आहे. भिंत रंगवावयाची असेल तर खालची दोन हात उंचीची पट्टी मुलांच्या स्वाधीन करावी, आणि तीवर त्यांनी स्वतः रचलेली किनार त्यांनाच चुन्याने काढू द्यावी. पहिल्या पावसात ती पुसट होईल. पुढच्या वर्षी दुसरी मुले दुसरी काढतील. त्यात हानी काहीच नाही.

मूल्यमापनाविषयी थोडेच लिहावयाचे आहे. कोठारी आयोगाने (1964 ते 1966) कार्यानुभवाचा आग्रह धरला त्याला आता अर्धशतक उलटून गेले, आणि 2020च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीसाठी दहा दिवस दप्तराविना ठेवण्याची शिफारस आहे. धोरणे येतात, तास मात्र शिक्षकाने घ्यावा तेव्हा होतो. मुलांच्या नक्षीस गुण देण्यापेक्षा प्रत्येक कामाखाली मुलाने दोन वाक्ये लिहावीत असे ठेवावे : घटक कोठून घेतला, आणि कापडात किंवा कागदात उतरवताना काय बदलावे लागले. जे मूल अद्याप लिहू शकत नाही त्याने ती सांगावीत व दुसऱ्या मुलाने लिहून घ्यावीत. वीटभट्टीवरून परतलेल्या मुलाची पहिली लिखित ओळ पुष्कळदा याच वाक्यातून सुरू होते, कारण ज्या वस्तूविषयी लिहावयाचे ती त्याच्या हातात असते. सर्वांत वाईट काम कोणते, असे प्रदर्शन भरवून दाखविण्याचा मोह टाळावा. उत्तमाचे प्रदर्शनही वर्षातून एकदाच पुरे.

शाळेची एक सामाईक नक्षीवही ठेवणे फार उपयोगाचे आहे. पुठ्ठाकामाच्या तासाला मुलांनीच ती बांधावी. डाव्या पानावर रेघोटी, तीही मूळ वहीचा तुकडा कापून चिकटवलेली, आणि उजव्या पानावर तिच्यापासून झालेली पट्टी, खाली इयत्ता व वर्ष, अशी मांडणी करावी. मुले पुढे गावाबाहेर शिकावयास गेली तरी वही शाळेत राहते आणि धाकटी भावंडे तीत आपल्या ताईदादांचे काम शोधतात. आपल्याकडील पावसात कागदास बुरशी फार लवकर धरते. म्हणून जूनपूर्वी वहीत कडुलिंबाची सुकलेली पाने घालून ती कापडात गुंडाळावी, लोखंडी कपाटाच्या वरच्या कप्प्यात ठेवावी, आणि पावसाळ्यात उघडीप पडेल त्या दिवशी एकदा बाहेर काढून पाने सुटी करावीत. खळीने चिकटवलेल्या पानांना झुरळे लागतात; खळीत थोडा मोरचूद घातल्यास लागत नाहीत, परंतु मोरचूद विषारी असल्यामुळे ती खळ मुलांच्या हाती न देता शिक्षकाने स्वतःच लावावी.